विसावी पायरी

बातुमीच्या बंदरात चार नंबरच्या क्रेनला
एकशे बारा पायऱ्या आहेत.
त्यातली विसावी थोडी वाकलेली,
आणि चौदा वर्षं
त्सियाला तिच्यापर्यंत जाऊन परत येत होती.

दुपारच्या सुट्टीत, कुणी बघत नसेल तेव्हा.
म्हणजे तिला वाटायचं, कुणी बघत नाही.
मी खालच्या खोलीत, पावाचा तुकडा हातात धरून
मोजायचो: अठरा, एकोणीस, वीस.
उतरली की म्हणायची, "आज वारा आहे, ओतार."
काळ्या समुद्रावर वारा नसलेला दिवस
मी तरी पाहिलेला नाही.

परवाना होता तिच्याकडे. पहिल्या झटक्यात मिळालेला,
मुलाच्या लसीकरणाच्या कागदांमागे
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला.
आम्ही दोघं वहीत कंटेनरचे आकडे लिहायचो
आणि ती सांगायची, इथे बाईला वर जाऊ देत नाहीत,
तीनदा नकार आलाय.
मी मान हलवायचो.
तिचा नकार मला ऊबदार वाटायचा,
त्याच्या आडोशाला माझंही भागत होतं.

मग मार्चमध्ये पोतीहून नवा मुकादम आला,
लेवानी, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया.
इथे काय होतं आणि काय होत नाही,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
"चार नंबरला माणूस नाही. परवाना आहे का कुणाकडे?"
मी बोलून गेलो. का, कुणास ठाऊक.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं मी तिच्या घराची किल्ली परक्याच्या हातात दिली.

"मला नाकारलंय," ती म्हणाली. "कागद आहेत."
"बघू," तो म्हणाला, टरफल थुंकून.

कचेरीतल्या बाईंना फाइल शोधायला अर्धा तास लागला.
आत तीन अर्ज.
तिन्हींवर साहेबाच्या सहीची जागा कोरी.
प्रत्येकाला टाचलेली एकेक चिठ्ठी:
गुडघा दुखतो, अर्ज मागे घेत आहे.
मुलाची परीक्षा आहे, अर्ज मागे घेत आहे.
तिसरीत कारणही नव्हतं.
अक्षर वळणदार, लांब शेपट्यांचं,
आमच्या वहीत रोज दिसतं तेच.

ती कागद धरून उभी राहिली.
"मला खरंच आठवतं रे," म्हणाली,
"साहेबानं नाही म्हणून मान हलवली होती.
टेबलावर शिंपल्याची ॲशट्रे होती.
मला ती ॲशट्रेसुद्धा आठवते."

वारा त्या दिवशीही होता.
गुडघाही दुखत होता. तो खरोखरच दुखतो,
मी तिला जिन्यात चोळताना पाहिलंय.
दोन्ही बरोबर घेऊन ती चढली.
विसाव्या पायरीवर थांबली, सवयीनं.
मी पाव खाली ठेवला.

एकवीस.

पुढचं मोजलं नाही.

पहिला कंटेनर रिकामा होता, लाल,
आणि तो वीतभर वाकडा बसला.
लेवानी खालून ओरडला. तिनं पुन्हा उचलला.
पुन्हा वाकडा.
चौथ्यांदा बसला, तोही दणकन.
संध्याकाळी तिच्या हातातला चहाचा पेला
बशीवर वाजत होता, थांबता थांबत नव्हता.
"वरून आपली खोली दिसते," म्हणाली, "काडेपेटीएवढी.
दार उघडंच असतं की रे तिचं.
मला वाटायचं..."
आणि पुढे न बोलता तिनं घोट घेतला.

आता आकडे मी एकटाच लिहितो.
माझ्या खणात एक पाकीट आहे,
तिबिलिसीच्या नकाशे शिकवणाऱ्या शाळेच्या पत्त्यावरचं.
सहा वर्षं झाली. चिकटवलेलं आहे, तिकीटही लावलंय.
कुणी विचारलं तर सांगतो,
तिकडून काही उत्तर आलं नाही.