पूर्वानुभव

करारावर दोन शिक्के बसले.
शाळेचा गोल, जांभळा, थोडा पुसट,
आणि मोरजीच्या हॉटेलचा चौकोनी, आत एक कासव.
मधल्या कोऱ्या जागेवर प्राचार्यांनी चहाचा कप टेकवला,
त्याचाही एक शिक्का झाला.
तीन आठवडे. अकरा मुलं. दुपारचं जेवण हॉटेलकडे.
काळे बूट ज्याचे त्याने आणायचे.

दिप्तेश हरमलकरचे बूट मावसभावाचे,
पुढे कापूस कोंबलेला.
पाऊल जरा उशिरा उचलायचा तो,
बुटाला आधी विचारल्यासारखं.

अर्जात एक रकाना होता : कामाचा पूर्वानुभव.
त्याने लिहिलं, नाही.

मी आगरवाड्याला जाऊन आले आहे.
सातव्या वर्षापासून हा मुलगा बापामागे
मिठाच्या वाफ्यांत उभा,
फळीने पांढरं ओढतोय,
ऊन वरून येतं आणि पाण्यातून परत येतं,
दोन्हीकडून डोळे मिटलेले.
मला ठाऊक होतं. तरी सही केली.
अकरा अर्ज होते, कदंबची बस सुटायची होती,
आणि खरं सांगायचं तर रकाना फार लहान होता.

ग्लेंडा मॅडमनी पहिल्या दिवशी शिकवलं :
सुरीची धार ताटाकडे.
ग्लास खालून धरायचा, काठाला बोट नाही.
आणि पाहुण्याला कधी ‘नाही’ म्हणायचं नाही,
म्हणायचं, विचारून सांगतो.
अकरा तोंडांनी तीनदा म्हटलं,
विचारून सांगतो.

दुसऱ्या आठवड्यात मिठाच्या डब्या ओलावल्या.
समुद्राची हवा, भोकं बुजलेली,
एक म्हातारा परदेशी डबी टेबलावर आपटत बसलेला.
दिप्तेश आत गेला, प्रत्येक डबीत तांदळाचे पाच दाणे टाकून आला.
कोणी सांगितलं तुला?
कोणी नाही, मॅडम. घरी घालतात.
तिने वहीत लिहिलं : निरीक्षण चांगले.

मग एक दिवस तो दुधाच्या पिशवीतून
घरचं मीठ घेऊन आला.
शेफने जिभेवर ठेवलं, बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, मीठ फर्स्ट क्लास. पण कागद कुठे? लेबल?
पिशवी मागच्या स्वयंपाकघरात गेली,
कामगारांच्या हुमणात.
माळी, ड्रायव्हर, लाँड्रीतल्या दोघी,
मिठाबद्दल कोणीच काही बोललं नाही.
भात मात्र दुसऱ्यांदा लावावा लागला.

पुनवेच्या रात्री भरतीने बांध फोडला.
सकाळी हजेरीपटावर लाल फुली,
दुपारी ग्लेंडाचा फोन :
टीचर, चौदा टेबलं बुक आहेत, तुमचा मुलगा कुठे?
मी स्कूटर काढली.

बाप-लेक चिखल थापत होते,
चिखल, पेंढा, परत चिखल.
युनिफॉर्मची काळी पँट मांडीपर्यंत दुमडलेली,
म्हणजे पहाटे तो निघाला होता.
निम्म्या वाटेवरून वळला होता.
बूट बांधावर शेजारी शेजारी, कोरडे,
नाकं रस्त्याकडे.

मी विचारलं, उद्या येशील ना?
तो ताठ उभा राहिला, हात मागे,
ग्लेंडाने शिकवलं होतं अगदी तसा,
कोपरापर्यंत चिखल.
म्हणाला, विचारून सांगतो, टीचर.
आणि बापाकडे पाहिलं.
बापाने पाण्याकडे पाहिलं.
पाणी अजून यायचं थांबलं नव्हतं.

आला तो, एक दिवस सोडून.
अठरापैकी सोळा. हॉटेलने सोळाच लिहिले,
आणि ते चुकीचं नाही.

आता माझ्यापुढे तो अर्ज आहे, बोर्डाकडे जायचा.
‘नाही’ हा शब्द त्याने सुंदर अक्षरात लिहिलाय,
वेलांटी वळवून, सावकाश.
पेनाचं टोपण काढून बसले आहे.
तळाला छापलंय :
खाडाखोड केलेले अर्ज
स्वीकारले जाणार नाहीत.