जाळी

फोन लावण्याआधी एक रकाना भरायचा असतो:
हयात. मृत. माहिती नाही.
नोव्हेंबरात हल शहरात चारलाच दिवे लागतात.
मी 'हयात'वर बाण नेऊन थांबते
आणि चारशे सतरा नंबरची घंटा वाजू देते.

चारशे सतरा म्हणजे ट्रेव्हर औझबी.
पूर्वी ट्रॉलरवर, आइसलंडच्या पाण्यात कॉड धरायचा.
हृदयाच्या डाव्या धमनीत दोन जाळ्या.
कोलेस्टेरॉल शिकवणीच्या मुलासारखं
मान खाली घालून बसलेलं,
साखर बरी, सिगरेट सुटून अकरा वर्षं.
फक्त सीआरपी सहा पूर्णांक चार.
यकृत उत्तरं पाठवतंय
कुठल्याशा जखमेला, जिचा पत्ता कुणाकडेच नाही.

उरलेला दाह, असं डॉक्टर म्हणतात.
नळ मोकळा झाला, धग राहिली.
मला मात्र तो शब्द छळतो:
धमनीतली ती जाळी,
कॉडची तीही जाळी,
आणि जुन्या मराठीत तर क्रियापदच, अग्नी जाळी.
हे औझबीला सांगायचं कसं,
त्याच्या भाषेत तिघींची घरं वेगवेगळी.

दुसऱ्या वर्षी त्यानंच समजावलं.
"आमची आई हेसल रोडवर
स्वयंपाकघराच्या दाराला दोर अडकवून जाळी विणायची.
माशानं जाळी जात नाही, पोरी.
ओली तशीच ढिगानं टाकली की जाते.
वरून गार लागते.
कोपरापर्यंत हात घाल, मग कळतं
आत किती तापलीय."
मी बावन्न वर्षांची. पोरी.
'इतर'च्या रकान्यात चाळीसच अक्षरं मावतात.
मी लिहिलं: तक्रार नाही.

तिसऱ्या वर्षी दोनशे ऐंशी. मेव्हिस थर्स्क.
सीआरपी शून्य पूर्णांक सात,
सकाळी ओट्स, मंगळवारी पोहणं,
माझ्या यादीतलं सगळ्यात शांत रक्त.
फोन मुलानं घेतला.
बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
"पण तिचे रिपोर्ट चांगले होते ना?"
होते, मी म्हणाले.
खरंच होते.

आलेख गर्दीचा असतो.
तीन हजार माणसं एका रेषेवरून उतरतात,
ज्यांची धग जास्त त्यांची रेष जरा लवकर वाकते,
आणि हे खोटं नाही, मी स्वतः आकडे तपासलेत.
पण रेष कुणाला नावानं ओळखत नाही.
दारात आलेल्या पोस्टमनला तरी
घर नंबर ठाऊक असतो.

पाचवं वर्ष, शेवटचा फोन.
औझबी: पाच पूर्णांक नऊ.
"बोट तरंगतेय," तो म्हणाला,
"पंप चालू ठेवलाय."
आम्ही आभाराचं पत्र पाठवलं, शिक्क्याची सही असलेलं.
अभ्यास बंद. फायली तळघरात.

यंदा नोव्हेंबरात
बोटं सवयीनं चार-एक-सात दाबायला गेली,
मी ती चहाच्या कपाभोवती ठेवली.
तेवढ्यात फोन वाजला.
"मिसेस टिलीकर?" पाच वर्षांत टिळेकर जमलं नाही त्याला.
"या वर्षी विचारलं नाहीस."
आता विचारायचं नसतं, मी म्हणाले, ते संपलं.
"मग मी विचारतो. छातीत दुखतं?"
नाही.
"रात्री उशा किती?"
एक.
"जिना चढताना दम?"
नाही, म्हणाले मी, फार पटकन म्हणाले.
तो गप्प.
खिडकीबाहेर हंबरवरचं धुकं
गाड्यांच्या मधून वाट काढत होतं.
"दुसऱ्या मजल्यानंतर," मी म्हणाले, "थोडासा."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला,
पेन सापडेना म्हणून एक शिवी,
आणि मग कागदावर
सावकाश काहीतरी लिहून घेतल्याचा.