पुडीवाला

लाखांदूरच्या बाजारात पुड्या मांडल्या की
लोक आधी विचारतात, मग भाव करतात.
उंदरानं तांदूळ सोडून साबन काऊन खाल्ला?
लाइट गेली, हे झुरळाले कोन सांगते?
पालीचं शेपूट तुटून नाचते,
दुखत नसन का तिले?
मी सांगतो सुचेल तसं.
साबणात चरबी असते, हे खरं.
बाकी थापा.

उन्हं कलल्यावर पंचफुला नेवारे आली.
साखर बंद केली म्हणे डॉक्टरनं.
पोरगी सासरी. एकटीपुरता भात.
तरी मुंग्या येतात रोज,
चुलीमागून, त्याच रांगेत.
काऊन?

थापही सुचली नाही मला.
पुडी पुढे केली.

अर्धीच दे, म्हणाली,
साऱ्याच मराले नको.