दोन खाचा

येझदी त्र्याऐंशीची. टाकीवर तीन रंग एकाखाली एक,
खरवडलं की तळाशी मूळचा लाल.
सिन्नरला एका पिठाच्या गिरणीमागे सापडली मला,
सायलेन्सर गंजून चाळण,
मागचे शॉकअप तेल ओकून मोकळे.

रेडीमेड घाला, वेल्डर म्हणाला, दिवसात उरकतो.
मला हवा होता मध्ये फुगत जाऊन
पुन्हा आवळणारा पाइप,
कागदावर मोजून काढलेला: गळा, पोट, शेपूट.
वेल्डरने कागद परत दिला.
पोटाचं काम आहे, म्हणाला, तांबट लेनला जा.

करडेकाकांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा.
"घागर आहे की. आडवी पडलेली."
तेवढंच बोलणं. त्यांना ऐकू येत नाही,
बावन्न वर्षांच्या ठोक्यांनी कान खाल्ले.
भाव त्यांनी पाटीवर खडूने लिहिला.
मी पुसून कमी केला.
त्यांनी पुसून पुन्हा तोच लिहिला.

पत्रा लोखंडी, सव्वा मिलिमीटरचा.
तांबं तापवलं की ऐकतं, हे मेलं हट्टी,
असं ते खरवईला सांगत.
सहा रविवार.
मठारताना दर ठोक्याला पत्र्यावर
टिकलीएवढं चांदणं पडायचं, एकाला एक चिकटून.
डाग दिल्यावर त्यांनी एक तोंड बुजवलं, पाणी भरलं,
आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवलं.
पाझरली तर ती घागर कसली.

इकडे अंबडला, जेवणाच्या सुट्टीत,
निखतने लेथवर बुश कातून दिले,
डबा तिचा तसाच राहिला.
शॉकअप कोइमतूरहून आले, गॅसचे,
स्प्रिंगखाली पाच खाचा.
मी दुसरीवर बसवले. मऊ.

किक. किक. प्लग काढून पुसला.
चौथ्या किकेला आवाज आला तो घशातून नव्हे,
खालून, भरल्या पोटाने.
समोरच्या दुकानात पेले मोजणारा आकडा विसरला.
करडेकाका आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते,
कसा झालाय ते तिथे दिसतं का म्हणून.

मग त्यांनी पाइपवर तळवा ठेवला,
चटका बसेपर्यंत.
"इथं अडतंय," गळ्याशी बोट.
बंद करून, थंड करून, दोन ठोके.
पुन्हा तळवा. मान हलली.
मला अडणं आधीही ऐकू आलं नव्हतं,
गेलेलंही नाही.

बसा, मी खुणेनं म्हटलं.
शालिमार, सीबीएस, त्र्यंबक नाका,
सातपूर मागे पडलं.
महिरावणीजवळ रस्ता उखडलेला,
खड्डा यायचा आणि जायचा,
कमरेला निरोपही नाही.
मी मनातल्या मनात मिरवत होते.
तेवढ्यात पाठीवर टकटक.

उतरले. चाकाकडे पाहिलं, डांबराकडे पाहिलं.
"मशीन लागतंय तळपायाला, झकास.
पण रस्ता कुठे गेला?"
मला कळेना.
"पाटावर बसवून उचलून नेताय मला.
खाली काय चाललंय ते कुणी सांगायचं?"

अंजनेरी समोर तसाच, उन्हात, रुंद.
पेरूवाल्या बाईने विचारलं, पंक्चर का?
मी पाना काढला, गुडघे टेकले,
आणि महिनाभर पैसे साठवून आणलेला मऊपणा
दोन खाचा आवळून टाकला.
एका बाजूला. मग दुसऱ्या.

परत फिरलो. पहिल्याच खड्ड्याला
माझे दात वाजले
आणि मागून मोठ्याने, "हां!"
मग प्रत्येकाला काही ना काही:
हा जुना. हा पाइपलाइनवाल्यांचा. हा कालचा दिसतो.
आरशात बघितलं तर डोळे मिटलेले.
एक लांबट गतिरोधक चढून उतरलो, तसे म्हणाले,
"सातपूर. बरोबर?"