एकोणीस खांब

उत्सयोकीच्या पलीकडे, रेनडियरांच्या कुंपणाचे
एकोणीस खांब दिसतात निल्लासच्या खिडकीतून.
नोव्हेंबरअखेर सूर्य गेला की
निळसर बर्फावर तेवढेच उरतात:
१११११११११११११११११११

दुसऱ्या कुणाला ते कुंपण.
त्याला ही संख्या.

उजवीकडून एकं दहं शतं म्हणत चढावं,
कोटी, अब्ज, खर्व, निखर्व,
महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य;
परार्धाशी अठरावा खांब.
तिथं आपल्याकडची नावं संपतात.
एकोणिसावा बिननावाचा,
तेनो नदीच्या अंगाला, जरासा कललेला.

दोननं भागलं, एक उरला.
तीननं, एक. पाचनं, सातनं, अकरानं, तेरानं,
दर वेळी तोच एक,
पंगत उठली तरी उंबऱ्यात घुटमळणारा.
सतरानं मात्र नऊ उरले
तेव्हा म्हातारा खुर्चीत सरळ बसला.

अठराच असते तर
तीन, सात, अकरा, तेरा, एकोणीस, सदतीस,
सगळ्यांना वाटा मिळाला असता, बाकी शून्य.
एक खांब वाढला
आणि यांतल्या एकालाही भाग जाईना.

औलूहून रिस्तेनचा फोन:
"सरसकट नको भागूस, बाबा.
अडतीसनं भागून एक उरतो अशाच मूळ संख्या घे.
एकशे एक्क्याण्णव. दोनशे एकोणतीस. चारशे एकोणीस."
"मग किती पावलं?"
"अडतीस-अडतीसची? पावणेतीन कोटींच्या वर."
रोज दहा, म्हणजे साडेसात हजार वर्षं आणि थोडी.
त्यानं चाकूनं पेन्सिलीला टोक काढलं.

एका फेब्रुवारीत वादळानं आठ खांब गाडले.
अकरा दिसत होते, ते तरी फुटतात का बघू म्हणाला.
इथं पाऊल बावीसचं.
नऊशे चौऱ्याऐंशीव्या पावलाला,
चुलीवर कॉफी उतू जात असताना,
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.
बाकी काही नाही.
त्यानं तीनदा ताडून पाहिलं.
सकाळी त्या अकरांकडे त्याला बघवेना,
दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं.

ईस्टरला रिस्तेन आली. रस्सा वाढताना
बोलून गेली एकदाची:
"एकोणीस फुटत नाहीत, बाबा. अविभाज्य आहे ती.
यंत्रानं पापणी लवायच्या आत सांगितलं."

"ठाऊक आहे," निल्लास म्हणाला.
"दुकानातल्या आस्लाकनं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं.
पोरगा हुशार आहे. मीठ दे."

"मग भागतोस कशाला?"

त्यानं बूट चढवले, मोगरी घेतली.
कललेला खांब तिला दोन्ही हातांनी धरायला लावला.
जमीन अजून गोठलेली. तीन घाव फुकट गेले.
"सरळ आहे का?"
ती मागे सरली, एक डोळा मिटून पाहू लागली,
आणि तिच्याही नकळत
उजवीकडून मोजू लागली.