साडेआठचं माप

सकाळी साडेआठला कुलूप काढायचं,
नरसाळं उचलायचं, खालची बाटली उन्हाकडे धरायची
आणि वहीत आकडा लिहायचा, कन्नडमधून.
नेमगोंडा मास्तर निवृत्त होताना
किल्लीबरोबर एवढंच देऊन गेले.

कन्नड आकड्यांनी मला महिनाभर झुलवलं.
चार ओळखीचा निघाला,
सहा शेवटपर्यंत फिरकी घेत राहिला.
शून्य मात्र शिकावं लागलं नाही.
माझ्या माहेरच्या पाटीवरही ते असंच होतं,
अथणीच्या कचेरीतही असंच.

जूनभर शून्य. जुलैत शून्य.
टिटवीनं यंदा तळ्याच्या अगदी पोटात अंडी घातली,
तेव्हाच चंपव्वा म्हणाली होती, हिला कळलंय.
पिल्लं निघाली, चालायला लागली,
त्यांचे पाय भिजतील एवढंही तिथं काही नव्हतं.
काळ्या रानातल्या भेगेत
गौसूच्या करडाचा पाय अडकून मोडला.
मधमाश्या टँकरच्या नळाला लोंबतात,
बायका त्यांना न झटकता घागर लावतात;
डंख बसला तरी कुणी ओरडत नाही,
ओरडलं की नंबर जातो.
नदीकडून येणारा ड्रायव्हर सांगतो,
कृष्णेच्या एका डोहात मगर आणि म्हशी
त्याच गढूळ पाण्यात बसून आहेत
आणि मगर तोंड उघडत नाही.
वरून, कोयनेतून सोडणार म्हणे.
कोण म्हणे, ते कुणी सांगत नाही.

आणि काल बाटलीत पाणी.
बोटभर, नितळ.
मी आभाळाकडे पाहिलं. धुऊन वाळत घातल्यासारखं.
रात्री पत्र्यावर काहीच वाजलं नव्हतं.
मग खांबामागे एक चप्पल दिसली,
आणि चपलेच्या वर तिसरीतली सुगंधा,
हातात तिची शाळेची बाटली, रिकामी.
"तुम्ही रोज गोलच काढता," ती म्हणाली,
"म्हटलं, आज दुसरं काहीतरी काढा."

तिला कसं सांगू,
की हे गोल मोजूनच तालुका दुष्काळी ठरतो,
मग छावणी उघडते, टँकरची दुसरी खेप लागते;
मध्ये एक आकडा जरी आला
तरी वर बसलेला कुणीतरी म्हणेल, पडतोय की.

मोजून पाहिलं. सहा मिलिमीटर.
मला न जमणारा आकडा.
पेन्सिलीनं कोपऱ्यात एकदा काढून पाहिला.
नीट आला. खोडला.
रकान्यात शून्य.

पाणी ओतायला जागा शोधत दोघी आवारभर फिरलो.
कडुलिंब तिला फार मोठा वाटला,
"त्याच्या दातालाही नाही लागणार."
शेवटी एक करवंटी मिळाली,
ती भिंतीच्या सावलीत टेकवली.

प्रार्थना संपली तेव्हा करवंटीच्या काठावर
सात माश्या होत्या आणि एक खार,
आणि खार हलत नव्हती, आम्ही इतक्या जवळ गेलो तरी.