प्रश्न क्रमांक चौदा

याआधीही आले होते विद्यापीठवाले.
केंटकीच्या या घळीत, रस्ता संपतो तिथवर गाडी आणली,
चाळीस पानांची प्रश्नावली, दहा डॉलरचं कूपन,
आणि आमच्या पोरांची थुंकी नळ्यांत भरून नेली.
अहवाल कुठे छापला, देव जाणे.
आमच्याकडे परत आलं ते फक्त एक नाव: जोखमीची लोकसंख्या.

म्हणून ही नवी बाई, डॉक्टर हॅडली,
चर्चच्या तळघरात बोलायला उभी राहिली तेव्हा
मी घेवड्याच्या शिरा काढत राहिले, मान वर केली नाही.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला
कोण जेवायला आलंय आणि कोण मोजायला
हे ताट पुढे करण्याआधीच कळतं.

ती म्हणाली, "चुकीचे प्रश्न खोडा."
व्हर्ना स्टिल्टनरने पेन मागितलं.
व्हर्नाचे दोन मुलगे. एक खाणीत कंबर मोडून गोळ्यांना लागला,
दुसरा त्याच्या उरलेल्या गोळ्यांना.
तिने चौदावा खोडला,
'गेल्या तीस दिवसांत किती वेळा?'
आणि वर तिरक्या अक्षरात लिहिलं:
'रात्री दोन वाजता तू कुणाला फोन करशील?'

विद्यापीठाच्या समितीला पटेना.
मोजमापात बसत नाही म्हणे.
आठ महिने कागद डोंगर चढत-उतरत राहिले.
हॅडली भांडली. निदान भांडल्याचं तिने सांगितलं,
आम्ही कुठे बघायला गेलो होतो?
पण दर गुरुवारी आली, भांडी विसळली,
आणि बर्फात गाडी रुतली त्या रात्री
माझ्या सोफ्यावर चक्क घोरली.
त्यानंतर मी तिला नावाने हाक मारू लागले.

प्रश्न छापला गेला.
नववीच्या एकसष्ट पोरांची उत्तरं:
आई. आजी. फुटबॉलचे कोच.
एकाने कुत्र्याचं नाव लिहिलं.
एकोणीस रकाने कोरे.

हॅडली चष्मा काढून त्या कोऱ्या कागदांपाशी बसून राहिली.
व्हर्ना उठली, फळ्यावर स्वतःचा नंबर लिहिला.
खाली मी माझा.
मग स्कूलबस चालवणाऱ्या ऑर्विलने,
जो बोलताना इतका अडखळतो की फोनच घेत नाही.

अनुदान मार्चमध्ये संपतंय.

काल दोनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.
पलीकडे नुसता श्वास.
म्हटलं, "बोलू नकोस हवं तर.
मी बटाटे सोलते, तू ऐक."
सहाव्या बटाट्याला आवाज आला,
"मीठ किती घालता?"